दोष हाताचा की हत्याराचा?

कोठीहून सुलतान बाजाराकडे जाताना एका जुन्या घराच्या माडीवर माझा गाण्याचा वर्ग भरतो. कोठी हे नाव इंग्रज रेसिडेन्सीच्या कोठीवरून पडले, हे येथील जुन्या मराठी घराण्यांस सांगावयास नको. जवळच गनफाउंड्री आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या पदरी असलेल्या मोशिए रेमंड या फ्रेंच सरदाराने तेथे तोफा ओतण्याचा कारखाना घातला होता. या रस्त्यांनी मी उभा जन्म गेलो आलो, पण बंदुकीचा विचार कधी मनास शिवला नाही. तो शिवला एका शिष्येच्या भुवईवरील लाल डागामुळे.

ही मुलगी सकाळी माझ्याकडे गाणे शिकते आणि दुपारी एका नेमबाजी केंद्रात पॉइंट टू टू पिस्तुलाचा सराव करते. तिचे पिस्तूल गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे न टाकता मागे, तिच्याच तोंडावर टाकू लागले होते. पुंगळी तापलेली असते. एकदा ती कपाळावर बसली, एकदा चष्मा आणि गाल यांच्या मध्ये अडकली. शिकविणाऱ्यांनी सांगितले की मनगट ढिले आहे, दोष तुझाच. ती मनगट आवळू लागली, पुंगळी येतच राहिली. पुढे चाप ओढण्यापूर्वीच तिचा डोळा मिटू लागला आणि नेम गेला. आता नेमबाजी सोडते, असे ती एके दिवशी तंबोरा लावता लावता म्हणाली.

ते ऐकून माझ्या मनाला जुनी बोच लागली. माझे वडील दरबारी गवई. संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते आणि मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे शेंडेफळ. त्यांचा एक नियम होता. शिष्याचा सूर हलला तर त्याला रागावण्यापूर्वी तार पाहावी, मग तारेखालचा जिव्याचा दोरा, मग खुंटी, मग घोडी, आणि एवढे सगळे निर्दोष ठरले तरच गळ्याला बोल लावावा. हा नियम मी पाठ म्हणत असे, पाळत मात्र नव्हतो. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गुणी मुलगा शिकत होता. त्याचा पंचम उतरतो म्हणून मी त्याला वर्षभर बोललो. पुढे पेटी दुरुस्त करणारा आला तेव्हा कळले की पेटीचाच पंचम चढलेला होता. मुलगा तंबोऱ्याशी खरा होता आणि मी त्याला पेटीशी खोटा ठरवीत होतो. तोवर त्याने गाणे सोडले होते. पंचम जवळ आला की त्याचा श्वास आधीच आखडत असे, हे मला आजही दिसते.

कोठीच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांतून मागे एकदा मी जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन बंदूककाराचे चरित्र आणले होते. ते उचलले गेले ते केवळ ब्राउनिंग या नावामुळे, कारण मराठी घरांत ते नाव नाशिकच्या आठवणीने परिचित आहे. त्या दिवशी मी ते पुन्हा उघडले. या माणसाचे आयुष्य रसिक वाचकांसमोर ठेवावेसे वाटते. शिष्येच्या भुवईवरील डागाचे उत्तर मला त्यातच सापडले.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतात, ऑग्डन या गावी झाला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे आणि धंद्याने बंदूककार. तीन बायका, बावीस मुले असा त्यांचा मोठा खटला होता. या जोनाथनने एक गमतीची बंदूक केली होती. पाच गोळ्यांची घरे असलेली लोखंडी पट्टी बंदुकीत आडवी सरकवायची आणि एकेक घर नळीसमोर आणायचे. तोंडाने वाजवायच्या बाजाप्रमाणे ती पट्टी सरकत असल्याने लोक तिला हार्मोनिका बंदूक म्हणत. म्हणजे घरात सूर नसला तरी सुरांची उपमा होती, असे आम्हां गाणाऱ्यांस उगीच वाटून जाते.

जॉनचे बालपण या दुकानातच गेले. शाळा थोडी, भाता आणि कानस फार. गावकरी मोडक्या बंदुका घेऊन येत, आणि कोणती बंदूक कोठे अडते हे पोराला ऐकून, चाचपून कळू लागले. पुढे जगाला नवे नमुने देणारा हा माणूस आरंभी दुरुस्ती करणारा होता, ही गोष्ट मला मोठी महत्त्वाची वाटते. नवीन घडविणारा आपल्या वस्तूच्या प्रेमात पडतो, दुरुस्ती करणाऱ्याला ते परवडत नाही. वस्तू बिघडते हे त्याने रोज पाहिलेले असते, आणि गिऱ्हाईकाच्या हाताला दोष देऊन दुकान चालत नाही हेही.

१८७९ हे त्याच्या आयुष्यातील गाजलेले साल. त्या वर्षी त्याचे लग्न झाले, वडील वारले आणि एकबारी रायफलीचे पहिले पेटंट त्याला मिळाले. भावांना घेऊन त्याने त्या रायफली ऑग्डनमध्येच बनविण्यास सुरुवात केली. त्यांतली एक रायफल विंचेस्टर या मोठ्या कंपनीच्या माणसांच्या हाती पडली. कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट १८८३ साली स्वतः ऑग्डनला आले आणि त्यांनी आठ हजार डॉलर्सला त्या रायफलीचे हक्क घेतले. पुढची एकोणीस वर्षे ब्राउनिंग नमुने करीत गेला आणि विंचेस्टर ते विकत घेत गेली. त्यांतले पुष्कळसे कधी बाजारात आलेच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ नयेत एवढ्यासाठीच कंपनीने ते घेतले होते.

आता आपल्या प्रश्नाकडे, म्हणजे रिकामी पुंगळी जाते कोठे याकडे, वळू. पहिल्या एकबारी रायफलीत खालची दांडी ओढली की पुंगळी मागच्या अंगाने, नेमबाजाच्याच दिशेने बाहेर येई. पण ती हाताच्या गतीने येत असल्याने इजा होत नसे. पुढे १८८६, १८९२ आणि १८९४ च्या प्रसिद्ध रायफलींत ती वरच्या अंगाने उडे. तेथेही गती हाताचीच होती. खरा प्रश्न उभा राहिला तो बंदूक स्वतःच्या जोराने चालू लागली तेव्हा.

त्याची कथा अशी सांगतात. १८८९ साली एका नेमबाजीच्या वेळी ब्राउनिंगच्या लक्षात आले की बार उडताच नळीच्या तोंडाशी असलेले गवत वाकते. हे गवत हजारो नेमबाजांनी पाहिले असेल. याच्या मनात आले की एवढा जोर फुकट जातो, त्याला कामास का लावू नये? त्याने नळीच्या तोंडासमोर भोक पाडलेली लोखंडी पट्टी टांगली आणि बाहेर पडणाऱ्या वायूने ती किती ढकलली जाते ते पाहिले. त्यातूनच पुढे १८९५ ची कोल्ट मशीनगन निघाली, आणि त्याच ध्यासातून स्वतःच्या धक्क्यावर चालणारी पिस्तुले आली. १८९७ साली त्यांची पेटंटे मिळाली. अमेरिकेत कोल्ट कंपनीने आणि युरोपात बेल्जममधील लीज शहराजवळच्या एफ. एन. कारखान्याने ती हाती घेतली. १९०० सालचे एफ. एन. पिस्तूल सात लाखांहून अधिक बनले.

अशा पिस्तुलात काय घडते ते समजून घेतले पाहिजे. नळीच्या मागील ज्या पोकळीत काडतूस बसते, तिलाही आपल्या जुन्या भाषेत कोठीच म्हणतात. गोळी निघून गेली की रिकामी पुंगळी तेवढी कोठीत उरते. धक्क्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे येतो. त्याच्या तोंडाशी उजव्या अंगाला एक लहानसा आकडा असतो. तो पुंगळीची कड पकडून तिला बाहेर ओढतो. मागे येता येता पुंगळीची डावी कड सांगाड्यात बसविलेल्या एका स्थिर दांडीवर आपटते. एकीकडे आकड्याची पकड, दुसरीकडे दांडीची ठोकर. त्यामुळे पुंगळी आकड्याभोवती गर्रकन फिरते आणि उजवीकडच्या खिडकीतून बाहेर पडते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते.

यात पकड आणि ठोकर यांचा मेळ बसला पाहिजे, तबल्यात दाया आणि बाया यांचा बसतो तसा. आकडा सैल झाला, झिजला किंवा त्याखाली काजळी साचली, तर पुंगळी घसरते. मग ठोकर भलत्या जागी बसते आणि पुंगळी वर किंवा मागे, नेमबाजाच्या कपाळावर येते. दांडी झिजली तरी तेच. काडतूस कमी जोराचे असले किंवा मागची स्प्रिंग त्या काडतुसाला फार ताठ असली, तर स्लाइड पुरती वेगाने मागे येत नाही. आणि हो, मनगट ढिले असेल तर धक्का पिस्तुलाऐवजी हातातच जिरतो, हेही खरे. शिकविणारे खोटे बोलत नव्हते. पाच कारणांपैकी एक कारण त्यांनी सांगितले होते, एवढेच.

ब्राउनिंगच्या पिस्तुलांनी जगात पुढे काय केले, ते सांगितल्यावाचून हे चरित्र खरे होणार नाही. लंडनहून सावरकरांनी पाठविलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांची हकीकत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस शिकत असलेल्या अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रंगभूमीवर त्या रात्री शारदा नाटक व्हावयाचे होते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. त्याच १९०९ सालच्या ऑक्टोबरात कोरियाच्या आन जुंग गुन याने जपानच्या इतो हिरोबुमीला मारले तेही ब्राउनिंगच्याच पिस्तुलाने, आणि १९१४ साली सारायेव्होत ज्या गोळ्यांनी महायुद्धाला तोंड फुटले त्याही त्याच्याच एका नमुन्यातून सुटल्या. कोणाच्या हाती आपले हत्यार जाते, यावर घडविणाऱ्याची सत्ता नसते. ज्याच्या हाती ते जाईल त्याच्यावर मात्र ते उलटू नये, एवढे तो पाहू शकतो. माझ्यासारख्या गाणाऱ्याचे मन या माणसापाशी अडखळते, आणि तरीही त्याच्या कामातील सचोटी नाकारवत नाही.

ती सचोटी अमेरिकन लष्कराच्या पिस्तुलाच्या वेळी दिसली. १९१० च्या चाचणीत त्याच्या नमुन्याचे काही भाग टिकले नाहीत. त्याने चाचणी घेणाऱ्या सैनिकांच्या हाताला बोल लावला नाही. तुटलेले भाग पाहिले, बदल केले आणि पुन्हा उभा राहिला. मार्च १९११ मध्ये एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. मध्येच ते तापले की थंड करीत आणि पुढे चालवीत. ब्राउनिंगचे पिस्तूल एकदाही अडले नाही. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे सदतीस वेळा अडले. २९ मार्च १९११ रोजी ते लष्कराने स्वीकारले, आणि सात दशकांहून अधिक काळ ते अमेरिकन सैनिकाच्या कमरेला राहिले.

याच सुमारास पुंगळीचा प्रश्न त्याने वेगळ्याच रीतीने सोडविला. १९१४ साली एफ. एन. कारखान्याने त्याची पॉइंट टू टूची एक हलकी रायफल काढली. तिच्यातून पुंगळ्या खाली पडतात. त्यामुळे नेमबाज डावखुरा असो की उजवा, तोंडावर काही येत नाही. मात्र पुढचा हात जरा मागे धरला तर त्या सदऱ्याच्या बाहीत शिरतात, अशी तक्रार वापरणारे करतात. सर्वांस सोयीची अशी दिशा या जगात नसावीच! पण हा विचार त्याला सुचला याचे कारण तो स्वतः नेमबाज होता. भाऊ मॅट आणि दोन मित्र मिळून त्यांचा चौघांचा संघ होता. चौघांचीही नावे बी या अक्षराने सुरू होत, म्हणून तो चार बींचा संघ म्हणूनच ओळखला जाई. बंदुकीच्या मागे उभा राहणाऱ्याला काय सोसावे लागते, हे त्याने स्वतः अनुभवलेले होते.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा १९१७ साली त्याच्या मशीनगनची परीक्षा झाली आणि तिने वीस हजार गोळ्या न अडता झाडल्या. सरकारने हक्कांपोटी जी रक्कम देऊ केली, ती त्याला धंद्याच्या हिशेबाने मिळाली असती त्याहून पुष्कळ कमी होती. त्याने घासाघीस न करता ती मान्य केली. १९२३ साली मॅट गेला, तेव्हा जन्माची सोबत सुटली. तरीही काम थांबले नाही. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लीज येथे, एफ. एन. कारखान्यात आपल्या नव्या नमुन्यावर काम करीत असतानाच त्याचे हृदय बंद पडले. त्याच्या नावावर १२८ पेटंटे होती. त्याने अर्धवट ठेवलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह या बेल्जन कारागिराने १९३५ साली पुरे केले. त्याचाच अवतार आपल्या बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनला आणि आपल्या सैन्याने वापरला.

हे सारे मी शिष्येला सांगितले. तिने केंद्रातील शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराला गाठले. ते भले गृहस्थ. त्यांनी एका रविवारी वेळ दिला. मी गवयाचा मुलगा, पिस्तुलाला हातही लावला नाही. काचेमागे बसून, मात्रा मोजाव्यात तशा पुंगळ्या मोजल्या आणि कोणती कोठे पडली ते कागदावर टिपून घेतले.

त्यांनी रीत घातली ती माझ्या वडिलांची होती. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. प्रथम दुसऱ्या, कसलेल्या हाताने तेच पिस्तूल चालविले. दहांपैकी पाच पुंगळ्या मागे आल्या. मुलीच्या हाताने सहा येत होत्या. म्हणजे मनगटाचा वाटा होता, पण तो एका पुंगळीपुरता. मग दुसऱ्या बनावटीची, जरा जोरदार काडतुसे घेतली. थोडा फरक पडला. मग पुंगळ्याच हातात घेऊन पाहिल्या. काहींच्या कडेला आकड्याने ओरखडा काढला होता, काहींवर पकडीची खूणच नव्हती. सगळ्या पुंगळ्या एकाच चुकीच्या बाजूला जात असत्या तर दोष आकाराचा असता. त्या वाटेल तिकडे जात होत्या, म्हणून दोष पकडीचा, असे ते म्हणाले. शेवटी पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून त्यांनी ते उघडले. आकड्याच्या खाचेत शिसे आणि मेण यांची काजळी घट्ट बसली होती. ती काढली, आणि दहांपैकी दोनच मागे आल्या. आकड्याची स्प्रिंग मरगळली होती. ती नवी घातली, तेव्हा सर्व पुंगळ्या उजवीकडे, चार हातांच्या आत पडल्या.

आकडा आधीच कानशीने घासून का पाहिला नाही, असे मी विचारले. ते हसले आणि म्हणाले की घासलेले लोखंड परत येत नाही, म्हणून कानस सर्वांत शेवटी. मला एकदम तंबोऱ्याची घोडी आठवली. जवारी काढणाराही दोरा शंभरदा सरकवून पाहतो आणि मगच घोडीला हात लावतो. आणि माणसाच्या मनाला तर त्याहूनही उशिरा हात लावावा, कारण तेथे घासले गेलेले काही केल्या भरून येत नाही.

मुलीचा डोळा लगेच उघडा राहू लागला नाही. पुंगळी येणे एका रविवारी थांबले, तिची भीती जायला तीन महिने लागले. संरक्षक चष्म्यावर ती आता टोपीही घालते, आणि मनगटाचा व्यायामही करते, कारण तेवढा दोष तिचा होताच.

त्यानंतर एका संध्याकाळी तो जुना विद्यार्थी मला सुलतान बाजारात भेटला. तो आता बँकेत आहे. नेहमीप्रमाणे त्याने वाकून नमस्कार केला. बारा वर्षे मी ज्या गोष्टीची टाळाटाळ केली ती रस्त्यातच उभे राहून त्याला सांगितली. त्याचा पंचम खरा होता, पेटी चढलेली होती, आणि मी तपासले नव्हते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने एवढेच विचारले की ती पेटी पुढे दुरुस्त करून घेतली की नाही. घेतली, असे मी म्हणालो. त्याच्या मुलीला पुढच्या महिन्यापासून वर्गात घालायचे त्याने ठरविले आहे. ती आली की आधी पेटी तंबोऱ्याशी लावून पाहीन, आणि मगच तिचा सा ऐकेन.